कुशीतील दुखण्यामागे बहुपुटी मूत्रपिंडाचा आजार आहे का, हे कसे ओळखावे

खानदेशात कोणी ‘कंबर दुखस’ म्हणाले की घरातले पहिले निदान मुतखड्याचे असते, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकणाऱ्या जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात ते बऱ्याचदा खरेही निघते. परंतु सोनोग्राफीच्या अहवालात दोन्ही मूत्रपिंडांत पुष्कळ ‘सिस्ट’, म्हणजे पाण्याने भरलेल्या पुटी, असल्याचे लिहिलेले असेल, तर तो बहुपुटी मूत्रपिंडाचा आजार, म्हणजे मूत्रपिंडांत पुटी वाढत जाण्याचा आनुवंशिक आजार, असू शकतो; खड्याचे औषध घेऊन थांबू नये.

सर्वांत आधी कोरा कागद घेऊन वडिलांकडची आणि आईकडची अशा दोन्ही बाजूंची वंशावळ मांडावी. आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी यांपैकी कोणाला चाळिशीच्या आत रक्तदाबाच्या गोळ्या लागल्या, कोणाचे डायलिसिस झाले, कोण मेंदूतील रक्तस्रावाने अचानक गेले, हे नावापुढे वयासह लिहावे. सोयरीक मोडेल या भीतीने अशी दुखणी आपल्याकडे झाकली जातात, म्हणून ही माहिती घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एकांतात विचारलेली बरी. हा खटाटोप आवश्यक आहे, कारण या आजाराचा प्रौढांमधील नेहमीचा प्रकार आई किंवा वडील यांपैकी एकाकडून येतो आणि बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. त्यामागे मुख्यतः दोन जनुके आहेत. सोळाव्या गुणसूत्रावरील ‘पीकेडी-१’ मधील दोष अधिक आढळतो आणि तुलनेने लवकर त्रास देतो. चौथ्या गुणसूत्रावरील ‘पीकेडी-२’ चा आजार सावकाश वाढतो. काही रुग्णांच्या घराण्यात मात्र पूर्वी कोणालाच तो नसतो.

त्यानंतर लक्षणांकडे पाहावे. उच्च रक्तदाब हे बहुधा पहिले लक्षण असते आणि ते जाणवत नाही, मोजावेच लागते. पुढे कुशीत किंवा पाठीत जडपणा, पुटीत रक्तस्राव झाल्यास लाल लघवी, वारंवार जंतुसंसर्ग आणि पोटाचा घेर वाढणे असे त्रास होतात. मुतखडेही होतात, त्यामुळे खडा सापडला म्हणून हा आजार नाही असे ठरत नाही. यकृतातही पुटी होऊ शकतात. कधी न झालेली अतितीव्र डोकेदुखी एकाएकी सुरू झाली तर घरी न थांबता थेट रुग्णालय गाठावे, कारण या रुग्णांत मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा येण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो.

तपासणीत सोनोग्राफीला पहिले स्थान आहे. घराण्यात आजार असलेल्या व्यक्तीत १५ ते ३९ या वयात दोन्ही मूत्रपिंडे मिळून किमान तीन पुटी, ४० ते ५९ मध्ये प्रत्येक मूत्रपिंडात किमान दोन आणि साठीनंतर प्रत्येकी किमान चार, असा निकष वापरतात. कमी वयात अहवाल स्वच्छ आला तरी निर्धास्त होता येत नाही. रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) ठीक असल्याचा दिलासाही अपुराच, कारण शाबूत भाग जास्तीचे काम ओढत राहतो आणि तो आकडा कित्येक वर्षे हलत नाही.

निदान झाल्यावर रक्तदाब काबूत ठेवणे हाच मुख्य उपाय आहे. शेवभाजी, पापड, लोणचे यांतले मीठ कमी करणे खानदेशी जिभेला जड जाते, तरी ते करावे. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. त्यांतील अनेक मूत्रपिंडाला घातक असतात. पाणी भरपूर प्यावे, मात्र मूत्रपिंडाचे काम बरेच घटले असेल तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. आजार झपाट्याने वाढणाऱ्या निवडक रुग्णांना टोलव्हॅप्टान हे औषध देतात; त्याने लघवी फार होते आणि यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात.

सुमारे निम्म्या रुग्णांची मूत्रपिंडे साठीपर्यंत निकामी होतात. तेव्हा भाऊ किंवा बहीण मूत्रपिंड द्यायला पुढे आली, तर आधी त्या भावाला किंवा बहिणीला स्वतःला हा आजार नाही याची खात्री करून घ्यावी लागते, आणि सुरुवातीला मांडलेला तो कागद इथेही उपयोगी पडतो.