स्वतंत्र कॉमिक्स: निवडायची कशी, जपायची कशी

स्वतंत्र कॉमिक्स म्हणजे मोठ्या प्रकाशकाशिवाय चित्रकारांनी स्वतः काढलेली. सुरुवात इंडी कॉमिक्स फेस्टसारख्या मेळाव्यापासून किंवा कॉमिक कॉनच्या आर्टिस्ट अ‍ॅलीपासून, म्हणजे चित्रकारांच्या टेबलांच्या रांगेपासून करा. तिथे चित्रकार स्वतः टेबलामागे बसलेले असतात. पोस्टर, स्टिकर आधी बाजूला ठेवा आणि पूर्ण गोष्ट असलेली पुस्तिका मागा. एकच देखणं चित्र बरेच जण काढतात. आठ-बारा पानं गोष्ट पेलणारे थोडे.

मधलं कुठलंही पान उघडा. संवाद न वाचता नजर चौकटीतून चौकटीत आपसूक सरकते का? तेच पात्र पाठमोरं, खालून, गर्दीत ओळखू येतं का? संवादाच्या फुग्यांना जागा आधीच राखलीय की ते चेहऱ्यांवर चढलेत? मग त्याच चित्रकाराचं जुनं काम मागून शेजारी ठेवा. दोन पुस्तिकांमधली झेप फॉलोअरच्या आकड्यापेक्षा कितीतरी खरं सांगते.

आवडलं तर तिथेच घ्या. छोटी आवृत्ती संपली की संपली. चित्रकार ओरिजित सेन यांचं नर्मदेवरचं कॉमिक ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ मध्ये आलं. पुनर्मुद्रणासाठी २०२२ उजाडलं. किती प्रती छापल्या ते विचारा, तारखेसह सही घ्या.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. दमटपणाने पिना गंजतात आणि मधल्या घडीवर तांबूस डाग उतरतो. पीव्हीसीची पिशवी टाळा, पॉलिप्रॉपिलीनची घ्या, मागे आम्लविरहित पुठ्ठा घाला. रिसोग्राफची (स्टेन्सिलने छापणाऱ्या यंत्राची) शाई बोटाला लागते, म्हणून अशा पानांमध्ये बटर पेपर. खोके भिंतीपासून चार बोटं दूर, जमिनीपासून वर ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या जूनआधीच बदला.