१५ वर्षांची गाडी पासिंगला नेण्याआधी

आरटीओतल्या साहेबांनी माझ्या गाडीचे पुढचे दोन्ही सीट बेल्ट ओढून बघितले, झटका दिल्यावर अडकतात का ते पाहिलं आणि मागचं दार उघडलं. सीट कव्हरच्या फटीत हात घातला, इकडून तिकडं चाचपला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मिस्त्री, मागची बक्कलं कुठायत?"

बक्कलं होती. आठ वर्षांपूर्वी नवीन सीट कव्हर शिवून घेतलं तेव्हा कारागिरानं ती खाली दाबून वरून कव्हर ताणलं होतं. मागं बसणारं कोणी बेल्ट लावत नव्हतं, त्यामुळं कुणाला पत्ताच नव्हता. आणि मी कोण? एसटीच्या डेपोत ३१ वर्षं पिटात उतरून बसगाड्या पासिंगला तयार करून दिलेला माणूस. गाडी परत, पुढची तारीख घ्या. बायको गेटबाहेर उभी होती, तिला सांगताना कारण दोनदा सांगावं लागलं.

ती चूक तुमची होऊ नये म्हणून हे लिहितोय. माझी वॅगनआर २०१० च्या दसऱ्याची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की गाडी आरटीओत दाखवून नूतनीकरण करून घ्यावं लागतं आणि मग पुढची पाच वर्षं मिळतात. सगळे याला पासिंगच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "१५ वर्षं झाली, आता भंगारात द्यावी लागणार" असं मला कट्ट्यावर तिघांनी सांगितलं. तो पेट्रोल गाडीला १५ वर्षं आणि डिझेलला १० वर्षं हा मामला दिल्ली आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यातला. सरकारी गाड्यांचंही वेगळं आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांच्या सरकारी गाडीचं नूतनीकरणच होत नाही, त्यात एसटीच्या बसही आल्या. तुमची घरची गाडी धडधाकट असेल तर महाराष्ट्रात ती १५ वर्षांनंतरही रीतसर चालवता येते.

अर्ज मुदत संपायच्या आधी ६० दिवसांच्या आत करता येतो. माझी मुदत ऑक्टोबरात संपणार होती, मी ऑगस्टमध्येच सुरुवात केली. मधे गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र, आणि एकदा गाडी परत आली की पुढची तारीख मिळेपर्यंत दिवस जातात. मुदत उलटली तर मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. शिवाय त्या काळात गाडी रस्त्यावर आणली आणि काही झालं तर पोलीस आणि विमा कंपनी दोघांच्या हातात आयतं कारण.

पैशाचं सांगतो. फी ५,००० रुपये. मार्च २०२२ पर्यंत ती ६०० होती, त्यामुळं पाच वर्षांपूर्वी पासिंग केलेल्या शेजाऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका. गाडी २० वर्षांपुढची असेल तर ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. त्यावर आपल्याकडं पर्यावरण कर वेगळा, पेट्रोलपेक्षा डिझेलला जास्त. तो किती ते अर्ज भरताना स्क्रीनवर येतं. आणि जुन्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट लागते, मोटारीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. ती बसवल्याशिवाय आरटीओतलं काम पुढं सरकत नाही, म्हणून पहिल्यांदा ती बुक करा. तिच्यासोबत काचेवर लावायचा स्टिकरही येतो, पेट्रोलला निळा आणि डिझेलला नारिंगी. तो आतून नीट चिकटवा.

कागदाचं काम परिवहनच्या संकेतस्थळावर होतं. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरचे, शेवटचे पाच आकडे टाकले की आरसीवरच्या मोबाइलला ओटीपी जातो. इथंच निम्म्या लोकांचं अडतं, कारण १५ वर्षांपूर्वी दिलेला मोबाइल नंबर आता कुणाकडं आहे देव जाणे. तो आधी बदलून घ्या. थकलेली ई-चलानं भरून टाका. कर्ज फिटलं असेल पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तेही याच वेळी उडवा. नूतनीकरणाचा फॉर्म २५. विमा आणि पीयूसी, म्हणजे धुराचं प्रमाणपत्र, चालू हवी. माझी गाडी बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांतली आहे, तिला पीयूसी सहाच महिन्यांची मिळते, त्यामुळं पासिंगच्या दिवशी ती संपलेली नाही ना हे मी दोनदा बघितलं. पीयूसीला जाण्याआधी एअर फिल्टर बदला आणि वीस मिनिटं गाडी चालवून इंजिन गरम करून न्या. थंड इंजिनावर नळी लावली की आकडा उगाच वर जातो. बीएस-३ पेट्रोलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा अर्धा टक्का आहे, सांभाळलेली गाडी त्यात आरामात बसते.

आता मुख्य काम, घरचं पासिंग. डेपोत आमची पद्धत होती की इन्स्पेक्टरला गाडी दाखवायच्या आदल्या दिवशी चार्जहँड, म्हणजे आमचा मुकादम, स्वतः इन्स्पेक्टर होऊन बघायचा. घरी तेच करा, पण तारखेच्या आठ दिवस आधी. आदल्या दिवशी काही सापडलं तर पार्ट मिळत नाही.

ब्रेकपासून सुरू करा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते टणक होतं. पाय तसाच दाबून ठेवून चावी मारा. पेडल पायाखाली बोटभर खाली बसलं तर बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, ठीक. बसलं नाही तर बूस्टर नाहीतर त्याची व्हॅक्यूमची नळी गेली. मग इंजिन चालू असतानाच पेडल एकसारखं मिनिटभर दाबून धरा. हळूहळू जमिनीकडं सरकायला लागलं की मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढं ढकलणाऱ्या पंपाचं, किट गेलं म्हणून समजा. हा दोष चालवताना कळत नाही, कारण आपण पेडल मिनिटभर कधी धरतच नाही. माझ्या गाडीचा हाच निघाला. बाहेर थेंबभर गळती नाही, ऑइलची बाटली भरलेली, आणि पेडल मात्र लोण्यात सुरी जावी तसं खाली चाललंय. किट बदललं, ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवीन भरलं. ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जुनं निघालं ते काळ्या चहासारखं होतं.

मोकळ्या सपाट रस्त्यावर तिशीच्या वेगात ब्रेक मारून बघा. गाडी एका बाजूला ओढली तर पुढचं कॅलिपर जाम असेल किंवा मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर गळत असेल. मागच्या टायरच्या आतल्या बाजूला ओला ओघळ दिसतो का बघा. हँडब्रेक चढावर ओढून, गिअर काढून बघायचा. गिअरमध्ये टाकून उभी राहिलेली गाडी म्हणजे हँडब्रेक चांगला, असं नव्हे.

पुढचं चाक जॅकवर उचला, पण जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. टायर वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा. खडखड लागली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग ३ आणि ९ वर धरून हलवा, तिथं खेळ असेल तर टाय रॉडचं टोक. टायरची नक्षी मोटारीला किमान १.६ मिमी लागते. पट्टी नसली तरी चालतं, खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर गोटा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर पण बाजूला बारीक भेगा, असा टायर मी बदलतोच. स्टेपनीही बघा. माझ्या स्टेपनीत हवा नव्हती.

दिव्यांना दुसरा माणूस लागतो. नातवाला मागं उभं केलं आणि एकेक बटण दाबत गेलो. "आजोबा, लागला! ... हा नाही लागला!" नंबर प्लेटवरचा बल्ब मेलेला. पंधरा-वीस रुपयांचा बल्ब, पण त्यानंही गाडी परत येते. रात्री घराच्या भिंतीसमोर गाडी उभी करून डिपर लावा, दोन्ही पट्टे एका उंचीवर पडले पाहिजेत. बाहेरून टाकलेले भगभगीत पांढरे एलईडी असतील तर काढून कंपनीचे बल्ब बसवा. पुढचा लोखंडी बुल बार काढा, काचेची काळी फिल्म सोलून टाका. कायद्यानं पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. फिल्म सोलल्यावर उरणारा चिकट थर रॉकेलच्या फडक्यानं निघतो. हॉर्न, वायपर, पाण्याचा फवारा यांना दोन मिनिटं पुरतात.

गॅस किट असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं आणि सीएनजीच्या टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी झालेली हवी. प्रमाणपत्र सोबत ठेवा.

चेसिस नंबरला मात्र जपा. जागा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. तिथं १५ वर्षांची माती आणि तेल बसलेलं असतं. रॉकेल आणि जुना टूथब्रश, बस्स. एका ओळखीच्यानं पॉलिशपेपर मारला आणि दोन आकडे पुसट झाले. मग नंबर खोडलाय की काय या संशयातून बाहेर पडता पडता त्याचा महिना गेला. स्वच्छ झालं की कागद ठेवून वरून पेन्सिल घासा, सगळे आकडे उमटले पाहिजेत. तेच आरसीशी ताडून बघा.

त्या दिवशी सकाळी लवकर जा, गाडी धुऊन जा. बॉनेट स्वतः उघडून ठेवा, कागद क्रमानं लावा. एजंट गेटवरच गाठेल. मी घेतला नाही, वेळ असेल तर लागत नाही. तपासणी दहा-पंधरा मिनिटांची असते: नंबर, दिवे, ब्रेक, स्टेअरिंग, बेल्ट, टायर, एक चक्कर. त्या वेळात मास्टर सिलिंडर कुणाला सापडला असता असं मला वाटत नाही. तो घरीच सापडायचा असतो.

दुसऱ्या खेपेला बक्कलं बाहेर काढलेली होती. कव्हरला त्या जागी चिरा देऊन कडा शिवून घेतल्या होत्या. साहेबांनी चारही बेल्ट लावून बघितले आणि सही केली. नवी आरसी पोस्टानं येते, पण त्याआधी मोबाइलवर वैधतेची नवीन तारीख दिसायला लागते. नाव, पत्ता, इंधन हे सगळं तेव्हाच वाचून घ्या.

आता बायकोच्या स्कूटरची पाळी आहे. ती २०११ ची, दुचाकीला फी १,०००. डावा आरसा तुटून दोन वर्षं झाली, "मला मान वळवता येते की" म्हणते. उद्या आरसा आणायला जातोय.