कमिटचा हक्क घेण्याआधी हे वाचा

पहिले पॅच (कोडमधले बदल) मर्ज झालेत आणि आता एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टचे मेंटेनर, म्हणजे कोडची राखण करणारे, व्हायची वेळ आली आहे, अशा नागपूरच्या पोरापोरींसाठी लिहितेय. गिट वगैरे तुम्हाला येतं असं धरते.

माझी नोकरी गायत्रीनगरच्या आयटी पार्कात, आणि एक छोटी ओपन सोर्स कोड-लायब्ररी रात्री जेवणं आटोपल्यावर सांभाळते. एकदा फोन आला. सरकारी खात्यातून बोलतोय, तुमच्या कोडमध्ये गंभीर त्रुटी आहे, पॅच आम्ही पाठवतो, आज रात्रीच रिलीज करा, कुठे बोलू नका. रिलीजची की, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढायची गुप्त किल्ली, माझ्या एकटीकडे. सापळा तो हाच. समोरचा खरंच अधिकारी आहे की भामटा, हे फोनवर कळत नाही. आणि की एकाच हातात असली की दोघांनाही तो एकच हात पिरगाळायचा असतो.

एक्सझेड आठवा, लिनक्समध्ये सर्रास वापरलं जाणारं फाइली आकसवायचं सॉफ्टवेअर. ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी 2021 पासून चांगले पॅच पाठवत राहिलं. इतर खाती थकलेल्या मेंटेनरच्या मागे लागली, नवा माणूस घ्या म्हणून. हक्क मिळाला, आणि 2024 मध्ये 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांमधून बॅकडोअर, म्हणजे घुसखोरीचं चोरदार, गेलं. त्यामागे एखादं सरकार असावं, असा अनेक तज्ज्ञांचा संशय आहे. बॅकडोअर जागं करणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच. तो फक्त रिलीजच्या टारबॉलमधल्या (लोक डाउनलोड करतात त्या कोडच्या गठ्ठ्यातल्या) एका एम४ फाइलीत, म्हणजे बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये, होता. टारबॉलमध्ये आपोआप बनलेल्या फाइली असतात, गिटपेक्षा फरक दिसणारच म्हणून कोणी बघत नाही. एसएसएच लॉगिनला (दूरच्या सर्व्हरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा पिच्छा आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने पुरवला म्हणून जग वाचलं. तेव्हा टॅगवरून टारबॉल स्वतः बनवा आणि रिलीजच्या टारबॉलशी फाइल न् फाइल ताडून बघा. कंटाळा आला तरी.

खरा सरकारी दबावही असतो. ऑक्टोबर 2024 मध्ये रशियावरच्या निर्बंधांच्या कारणावरून लिनक्स कर्नलच्या मेंटेनर यादीतून अनेक रशियन नावं काढली गेली. आपल्याकडे आयटी कायद्याच्या कलम 69 खालचा (माहितीवर पाळत ठेवायला किंवा ती उलगडून द्यायला सांगणारा) आदेश धुडकावला तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण घाबरू नका. असा आदेश लेखी असतो, फोनवरचा हुकूम म्हणजे आदेश नव्हे. मी एवढंच म्हटलं, “साहेब, कलम आणि सही घालून लेखी पाठवा.” पुन्हा फोन आला नाही. लेखी आलंच, तर उत्तर देण्याआधी वकील गाठा. डिजिटल उत्पादनांच्या सुरक्षेसाठीच्या युरोपच्या सायबर रेझिलियन्स कायद्यानेही बिनकमाईच्या योगदानावर उत्पादकाचं ओझं टाकलेलं नाही.

आणि ते कोर्स विकणारे मेंटॉर सोडा हो. तुमचा पॅच तीनदा परत पाठवणारा खडूस रिव्ह्यूअर धरून ठेवा. रिलीजला दोघांची मंजुरी लागेल असं सेटिंग आजच करा आणि रीडमीत ठळक लिहा. दुसरा माणूस दुसऱ्या शहरातला घ्या, दुसऱ्या देशातला मिळाला तर उत्तमच.