लिंबाच्या थरांची वडी: ओव्हनशिवाय

नाशिकला एप्रिलचं ऊन तापलं की जेवणानंतर काहीतरी गार, आंबटगोड हवंच. त्यासाठी ही वडी करून बघा.

२०० ग्रॅम मारी बिस्किटांचा बारीक चुरा, त्यात १०० ग्रॅम वितळलेलं लोणी. मूठ वळली की जमलं. बटर पेपर लावलेल्या चौकोनी डब्यात वाटीच्या बुडाने घट्ट दाबा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

मधल्या थराची खरी गंमत लिंबाच्या आंबटपणात आहे. ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, २०० ग्रॅम ताजा चक्का (आंबट झालेला अजिबात नको) आणि १०० मिली लिंबाचा रस. रस पडताच मिश्रण चमच्याला जड लागायला लागतं, कारण आम्लाने दुधातली प्रथिनं घट्ट होतात. म्हणून जिलेटिन लागत नाही. सालीचा कीस हवाच, सगळा सुगंध त्यातच असतो. पण फक्त पिवळा भाग किसा, पांढरा आला की कडवटपणा आलाच. बाजारातून पातळ सालीची, हाताला जड लागणारी कागदी लिंबं निवडा, रस भरपूर निघतो.

हा थर रात्रभर सेट होऊ द्या. वरच्या थरासाठी अर्धा कप पाणी, तीन चमचे साखर, एक चमचा कॉर्नफ्लोअर शिजवा. गॅस बंद केल्यावरच दोन चमचे रस घाला, आंबटासोबत उकळलं तर कॉर्नफ्लोअर सैल पडतं. कोमट झालं की ओता.

तासाभराने गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने कापा, दर कापाला सुरी पुन्हा पुसून.