रॉक अँड रोलच्या जुन्या रेकॉर्ड जपताना या चुका टाळा

जुलै १९५४मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स कंपनीने गायक एल्विस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड काढली, ती ७८ आणि ४५ आरपीएम (मिनिटाला फेरे) अशा दोन्ही वेगांत. गाणी तीच, पण ७८ची तबकडी लाखेची आणि ४५ची प्लास्टिकची. संग्रहात घोटाळे होतात ते दोघींना एकाच पद्धतीने हाताळल्यामुळे.

सर्वांत घातक चूक म्हणजे ७८ची रेकॉर्ड स्पिरिटने पुसणं. पॉलिशवाले चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात. रेकॉर्डवरची लाखही तशीच विरघळते आणि खाचांतलं गाणं कायमचं जातं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य डिटर्जंटचे एक-दोन थेंब पुरतात. ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवा आणि लेबल कोरडं ठेवा.

आवाज खरखरतोय? लगेच ‘झिजलेली’ असा शेरा मारू नका, आधी सुई बघा. ७८ला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, त्या काळच्या ४५ला २५ची. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घसरते आणि तिथला कचराच वाजवते. थोड्या वेगळ्या मापाची सुई खाचेच्या न झिजलेल्या भागाला टेकते. मग गेलेली वाटणारी रेकॉर्डसुद्धा कधीकधी स्वच्छ बोलते, म्हणून दोन-तीन मापं हाताशी हवीतच.

डिजिटल प्रत करताना खरखर तिथल्या तिथे काढून टाकू नका. मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाला, आहे तशी ठेवा. सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

ॲसिटेट नावाच्या तबकड्यांची गोष्ट वेगळी. एल्विसने १९५३मध्ये स्वतःच्या पैशांनी करून घेतलेली तबकडी याच प्रकारची, एकुलती एक. ॲल्युमिनियमवर लॅकरचा, म्हणजे एका रोगणाचा, थर असतो आणि तो दर वेळी वाजवताना झिजतो. वर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशीच असेल असं नाही. लॅकरमधल्या एरंडेल तेलाचं विघटन झालं की तशी भुकटी वर येते. थराला तडे असतील तर पाणीही लावू नका, जाणकाराला दाखवा. डिजिटायझेशनच्या रांगेत पहिला नंबर या तबकड्यांचा.

रेकॉर्ड उभ्याच ठेवा, तिरप्या झुकू देऊ नका. पीव्हीसीची पाकिटं टाळा.

आणि नोंद करताना एक लक्षात असू द्या. मेम्फिसच्या प्लास्टिक प्रॉडक्ट्स कारखान्यात छापलेल्या सनच्या बऱ्याच ४५ रेकॉर्डच्या लेबलवर तीन गोल दाब दिसतात. ते साच्याचे असतात आणि अस्सल प्रत ओळखायला उपयोगी पडतात. तिथे ‘लेबल खराब’ लिहू नका. दाब आहेत एवढंच नोंदवा आणि फोटो जोडा.