घरातली जुनी बारा बोर सांभाळताना

कोकणात, घाटमाथ्यावर, विदर्भातल्या मालगुजारांच्या वाड्यांत अजून कितीतरी घरी आजोबांच्या नावावरची दुनळी बारा बोर आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध थांबली, बंदूक कपाटात राहिली. अशा बंदुका वापराने फारशा बिघडत नाहीत. त्या बिघडतात चुकीच्या तेलाने, चामड्याच्या पेटीने आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी हौसेने केलेल्या घासाघाशीने.

हात लावण्याआधी बंदूक रिकामी आहे का ते बघा. दुनळी असेल तर वरची खिट्टी दाबून बंदूक मोडा, म्हणजे नळ्या खाली झुकवून उघडा. दोन्ही चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या जागी, नुसतं बघू नका, करंगळी घालून चाचपा. अंधाऱ्या माजघरात पितळेचं काळवंडलेलं बूड डोळ्यांना दिसत नाही, बोटाला मात्र लागतं.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. ती भरलेली आहे की नाही हे बाहेरून कळतच नाही. घोडा अर्ध्यावर ओढून खालच्या निपलवर, म्हणजे आतल्या दारूपर्यंत ठिणगी नेणाऱ्या बारीक नळीवर, केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) आहे का पाहा. असेल तर काढा. मग गज, म्हणजे ठासायची सळई, नळीत बुडापर्यंत सोडा आणि तोंडापाशी जिथे येतो तिथे पेन्सिलीने खूण करा. आता गज बाहेर काढून नळीला समांतर धरा, खूण तोंडाशी जुळवून. गजाचं टोक निपलच्या जवळपास पोचलं तर नळी रिकामी. चार-पाच सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त अलीकडे थांबलं तर आत बार आहे असंच धरून चाला. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं मरत नाही. आजोबांनी डुकरासाठी ठासून भिंतीला लावलेला बार नातवाच्या हातात उडू शकतो. तो स्वतः उपसायला जाऊ नका, पाणी-तेल ओतून 'निकामी' झाला असंही समजू नका. पोलीस ठाण्याला किंवा परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याला कळवा आणि बंदूक कशी आणायची ते त्यांनाच विचारा.

बंदूक कोणती आहे ते वाचा

फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग, काढा आणि नळ्या उतरवा. नळ्यांच्या बुडाखाली सपाट पट्टी असते, तिच्यावर बारीक शिक्के दिसतील. सगळी माहिती तिथे आहे. मुकुटाखाली 'बी.पी.' आणि 'बी.व्ही.' ही अक्षरं म्हणजे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये चाचणी झालेली बंदूक. मुकुटाखाली 'एन.पी.' असेल तर ती नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. हा शिक्का 1904 पासूनचा. लंबगोलात 'ई.एल.जी.' ही अक्षरं बेल्जियमच्या लिएज शहराची. भारतात स्वस्त बेल्जियन दुनळ्या भरपूर आल्या, त्यामुळे हा शिक्का दिसला तर निराश होऊ नका, त्यांतल्या काही फार चांगल्या आहेत. नळीवर 'नॉट फॉर बॉल' लिहिलं असेल तर ती 1875 ते 1887 मधली चोक असलेली, म्हणजे तोंडाशी किंचित आवळलेली नळी, आणि तिच्यात अखंड गोळी चालवायची नाही असा त्याचा अर्थ.

नंबर तीन ठिकाणी शोधा: नळ्यांवर, ॲक्शनवर (नळ्या आणि दस्ता यांच्या मधला, चाप बसवलेला लोखंडी भाग) आणि फोरएंडच्या लोखंडावर. तिन्ही जुळले तर बंदूक मूळची एकसंध आहे.

नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते का? ती डमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एकत्र ठोकून केलेली. अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. पट्ट्यांच्या सांध्यात आतून गंज किती शिरलाय हे बाहेरून कळत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: डमास्कस नळीची बंदूक जपा, पुजा, पण चालवू नका.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर चेंबरची लांबी. जुन्या विलायती बारा बोरचं चेंबर साधारण अडीच इंचांचं, ज्याला 65 मिमीचं काडतूस लागतं. आज दुकानात 70 मिमीचंही मिळतं, आणि गोची अशी की ते जुन्या चेंबरमध्ये सहज बसतं, बंदूक बंदही होते. कारण काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतर तोंड उलगडलेल्या केसची असते. बार उडताना ते तोंड उलगडायला जागाच उरत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट आवळते आणि दाब वाढतो. 'बसतंय म्हणजे चालतंय' ही समजूत जुन्या नळ्यांचा घात करते. चेंबर गेज लावून मापून घ्या आणि डब्यावरचा आकडा वाचल्याशिवाय काडतूस घेऊ नका.

घरात सापडलेली जुनी कागदी काडतुसं पावसाळ्यात फुगतात, अडकतात, अर्धवट उडतात. ती जाळू नका, पुरू नका. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात विचारून जमा करा.

तब्येत तपासणं

नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरून आतून बघा. चांगल्या नळीत एकात एक गोल कडी दिसतात, आरशासारखी. मध्येच एखादं कडं काळं, वाकडं दिसलं तर नळी तिथे फुगली आहे. कधीतरी तोंडात माती किंवा चिंधी अडकलेली असताना बार काढल्याची ती खूण. अशी बंदूक वापरायची नाही.

मग नळ्यांच्या बुडाखालच्या हुकात बोट घालून त्या लटकवा आणि बोटाच्या पेराने हलकं टकटक करा. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट आहे. फुटक्या मडक्यासारखा 'बद्' आवाज आला तर डाख सुटला आहे, फटीत ओल शिरते आहे, आणि तो गंज तुम्हाला कधी दिसणारच नाही. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे, दर वर्षी करा.

फोरएंड काढलेला ठेवून बंदूक पुन्हा जोडा, बंद करा, दस्ता धरून हलवा. खटखट वाजली किंवा नळी आणि ॲक्शनमधून उजेड दिसला तर बिजागरी झिजली आहे. हे काम कारागिराचं. घरी पाना-हातोडी घेऊन बसू नका. या बंदुकांच्या स्क्रूंच्या खाचा केसाएवढ्या बारीक असतात. बाजारातला पेचकस एकदा घसरला की शंभर वर्षांची नक्षी ओरबाडली जाते.

रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून 'टक' आवाज ऐकायची सवयही सोडा, फायरिंग पिना तुटतात. स्प्रिंग सैल करायचीच तर स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतूस, घालूनच चाप ओढा.

सफाई

सामान थोडं लागतं: लाकडी किंवा पितळी गज, बारा बोरचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश, जुन्या सुती धोतराचे साधारण तीन इंचांचे चौकोन, बंदुकीचं सॉल्व्हंट आणि हलकं खनिज तेल. बंदुकीचं तेल मिळालं नाही तर शिलाई मशीनचं चालेल. खोबरेल नको. ते थंडीत थिजतं, जुनं झालं की चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. आजी-आजोबांच्या काळी खोबरेलच लावत हे खरं, पण बंद झालेल्या खिट्ट्यांत खरवडल्यावर हाच पिवळा राप निघतो.

गज नेहमी बुडाकडून तोंडाकडे चालवा. आधी कोरडी चिंधी, मग सॉल्व्हंटची, मग दहा मिनिटं थांबा. मग ब्रश आठ-दहा वेळा आरपार. चेंबरच्या पुढचा निमुळता भाग आणि तोंडाकडचा चोक, या दोन जागी शिशाचे राखाडी पट्टे धरतात, तिथे जास्त वेळ द्या. चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत फिरवा आणि शेवटी तेलाची एक चिंधी. बाहेरून तेलाचा हात इतकाच की बोट फिरवलं तर ओलसर लागेल, थेंब दिसणार नाही. बिजागरीच्या पिनेवर चिमूटभर ग्रीस.

सफाईनंतर बंदूक एक दिवस तोंड खाली करून ठेवा, खाली घडी घातलेलं फडकं. दस्त्यावर उभी ठेवली तर जादा तेल उतरून ॲक्शनच्या मागे लाकडात मुरतं. अक्रोडाचं लाकूड तिथेच काळं पडतं, मऊ होतं, आणि एक दिवस मानेपाशी चीर जाते. जुन्या दस्त्यांच्या बऱ्याच चिरा धक्क्याने पडलेल्या नसतात, तेलाने पडलेल्या असतात.

लाकडाला वर्षातून एकदा उकळलेलं जवसाचं तेल. चार-पाच थेंब तळहातावर घ्या, लाकूड कोमट होईपर्यंत चोळा, तासाभराने कोरड्या फडक्याने सगळं पुसा. जास्त लावलं तर पावसाळ्यात चिकटपणा राहतो. तेल लागलेली फडकी बोळा करून ठेवू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा आणि मग टाका.

लाल गंजाचा ठिपका दिसला तर पॉलिश पेपर लावू नका. ठिपक्यावर तेल घाला, रात्रभर ठेवा आणि तांब्याच्या जुन्या नाण्याच्या कडेने हलकेच खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, म्हणून गंज निघतो आणि नळीचा रंग बराचसा राहतो. भोकाचा पैसा घरी असेल तर उत्तम, बोटात धरायला तो सोयीचा पडतो.

ठासणीच्या नळीला मात्र आधी पाणी लागतं. काळ्या दारूचा राप हवेतली ओल ओढतो आणि निव्वळ तेलाने तो सुटत नाही. निपल काढा, नळीचं बूड कढत साबणपाण्याच्या बादलीत ठेवा, गजाला चिंधी बांधून पंपासारखं वरखाली करा. काळं पाणी थांबलं की साधं कढत पाणी. कढत अशासाठी की नळी तापते आणि स्वतःच्याच उष्णतेने सुकते. सुकली की लगेच तेल.

पाऊस आणि दसरा

जून ते सप्टेंबर बंदूक चामड्याच्या पेटीत किंवा कापडी गवसणीत ठेवू नका. चामडं ओल पितं, त्यातले कमावणीचे क्षार धातूला लागतात, आणि आतून फेल्टची बुरशी. कुलपाच्या लोखंडी कपाटात, भिंतीपासून सुटी, सोबत सिलिका जेलची पाकिटं. पाकिटं महिन्यातून एकदा तापवून कोरडी करा. पंधरा दिवसांनी एकदा उघडा, पुसा, तेलाचा हात द्या. काडतुसं वेगळ्या कुलपात.

दसऱ्याचं शस्त्रपूजन अगदी करावं. फक्त चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, राख यांनी बंदूक 'चकचकीत' करू नका. नळीचा तो काळसर-तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे, तो मुद्दाम चढवलेला असतो आणि गंज अडवतो. एका सकाळच्या घासण्याने तो जातो आणि डमास्कसची नक्षीही पुसट होते. ओल्या कुंकवाचं बोट नळीला टेकलं आणि तसंच राहिलं, तर दुसऱ्या दिवशी तिथे बोटाएवढा तांबूस ठसा उमटलेला असतो, कधीकधी त्यात रेषासुद्धा दिसतात. म्हणून पाटावर कोरडं वस्त्र, त्यावर बंदूक, शेजारी सुपारी. हळदकुंकू सुपारीला वाहा आणि बंदुकीवर कोरड्या अक्षता. झेंडूची माळ त्याच संध्याकाळी उतरवा आणि पुसून तेल लावा. हवेत बार काढायचा नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

कागद

परवानाधारक वारला की बंदूक आपोआप मुलाची होत नाही. परवाना नसताना ती घरात ठेवणं गुन्हा आहे, म्हणून दिवस होताच ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, आणि मग जिल्हाधिकारी कार्यालयात वारस म्हणून अर्ज करा. बाकीच्या वारसांची लेखी ना-हरकत लागते; भावंडांत अबोला असेल तर इथेच वर्षं जातात. शस्त्र नियम 2016 मध्ये याहून बरी वाट आहे: परवानाधारकाने वयाची 70 पूर्ण केली किंवा शस्त्र 25 वर्षं बाळगलं, की तो हयातीतच वारस सुचवू शकतो. बाबा सत्तरीला आले असतील तर याच वर्षी अर्ज करा. एका परवान्यावर आता जास्तीत जास्त दोनच शस्त्रं, वारसाची धरून. नूतनीकरण पाच वर्षांनी. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुकरावर बार काढायची परवानगी नव्हे, तिच्यासाठी वनखात्याचा वेगळा आदेश लागतो.

तोंडाकडचा गंजलेला इंच कापून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. नळी आखूड करणं कायद्याने मना आहे, शिवाय चोकही जातो.

आठवणींची वही

बंदुकीसोबत एक वही ठेवा. पहिल्या पानावर नंबर, शिक्के, चेंबरची लांबी, कोणत्या नळीला किती चोक. जुने परवाने, त्यांच्यावरच्या कलेक्टर कचेरीच्या शिक्क्यांसकट, स्कॅन करून लावा. कोणाच्या नावावर कधी आली हे त्यातूनच कळतं. फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात काढा, फ्लॅश नको, नक्षी सपाट दिसते. नंबर दिसणारे फोटो इंटरनेटवर टाकू नका.

घरातल्या म्हाताऱ्यांना 'आठवणी सांगा' म्हटलं तर ते गप्प बसतात. बंदूक समोर ठेवा आणि दस्त्यावरच्या एकेका खुणेवर बोट ठेवून विचारा: ही चीर कधीची? इथे लाकूड एवढं गुळगुळीत कशाने झालं? पट्ट्याची ही कडी कोणी बसवली? मग हाकारे कोण घालायचं, मचाण कुठल्या झाडावर होतं, वाटे कसे पडायचे, सगळं निघतं. त्यांचेच शब्द, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, तारखेसकट.

बंदूक कधी विकायची वेळ आलीच तर परवानाधारकालाच, कागदोपत्री. तिचा गज, पेटी आणि निपलची चावी तिच्यासोबत जाऊ द्या, नव्या मालकाला ती सामग्री दुसरीकडे मिळणार नाही. वहीची प्रत द्या, मूळ वही घरी ठेवा.