छोट्या इनडोअर फुटबॉल संघाचा इतिहास कसा लिहावा: आयोवा बार्नस्टॉर्मर्सच्या निमित्ताने

वहीचं पान आडवं धरा आणि पाच रकाने आखा: साल, नाव, फ्रँचायझी (लीगमध्ये संघ चालवण्याचा हक्क), लीग, इमारत. संगणकावर करायचं तर तसं करा, पण इतिहासाचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी हे कराच. मोठ्या संघांच्या बाबतीत हे पाचही रकाने वर्षानुवर्षं सारखेच राहतात, म्हणून त्यांचा इतिहास लिहिणं सोपं. छपराखाली अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या छोट्या इनडोअर संघांमध्ये यातला एखादा रकाना दर चार-दोन वर्षांनी बदलतो. रकाने एकमेकांत मिसळले की लिहिलेलं सगळं खोटं पडतं.

मी दे मॉइनमध्ये राहतो, अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या राजधानीत. विमा कंपन्यांचं शहर असल्यामुळे संगणकाच्या कामासाठी आलेली बरीच मराठी कुटुंबं इथे आहेत, त्यातलंच आमचं एक. इस्लामपूरला होतो तेव्हा कबड्डीच्या सामन्यांना गुणलेखक म्हणून बसायचो. ती खोड गेली नाही. खेळ कुठलाही असो, माझी नजर आधी गुणपत्रकावर जाते. इथला बार्नस्टॉर्मर्स संघ आवडायला लागला आणि त्याची माहिती शोधू लागलो, तेव्हा कुणी स्थापना १९९५ची सांगे, कुणी २००८ची, कुणी २०१०ची. गंमत म्हणजे तिन्ही सालं आपापल्या परीने बरोबर आहेत. ती कशी, हे समजून घेतलं की अशा कुठल्याही संघाचा इतिहास लिहिता येतो.

आता रकाने भरू. १९९५ साली बार्नस्टॉर्मर्स अरीना फुटबॉल लीगमध्ये उतरले. संघ उभा केला जिम फॉस्टर यांनी, म्हणजे हा खेळ ज्यांच्या डोक्यातून निघाला त्यांनीच. आयोवा विद्यापीठात शिकलेले फॉस्टर अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, व्यापारी शाखेत नोकरीला होते. ११ फेब्रुवारी १९८१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना बघता बघता त्यांनी एका लिफाफ्यावर छपराखालच्या फुटबॉलचं मैदान रेखाटलं. लीग सुरू व्हायला १९८७ उजाडलं आणि सुरुवातीला संघ फक्त चार होते. काही वर्षांनी लीगचा कारभार सोडून फॉस्टर आयोवात स्वतःचा संघ घेऊन आले.

इथवर पाचही रकाने सरळ चालतात. २००० च्या हंगामानंतर पहिला घोळ होतो. आइस हॉकीतल्या न्यूयॉर्क आयलंडर्सचे मालक चार्ल्स वँग यांनी फ्रँचायझी विकत घेतली आणि लाँग आयलंडला नेली. २००१ पासून तीच फ्रँचायझी ‘न्यूयॉर्क ड्रॅगन्स’ म्हणून नासाऊ कॉलिसियममध्ये खेळू लागली. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, आरोन गार्सियाही तिकडेच गेला. नाव मात्र आयोवातच राहिलं. दुकान दुसऱ्या गावी गेलं, पाटी जुन्याच भिंतीवर. त्याच २००१ साली दे मॉइनमध्ये बार्नस्टॉर्मर्स नावाचाच दुसरा संघ एएफ२ या लीगमध्ये खेळला. एएफ२ म्हणजे अरीना लीगची धाकटी पाती, लहान शहरांसाठी. तो संघ एकच हंगाम टिकला.

त्यापुढे २००२ ते २००७ या सहा ओळी रिकाम्या. त्या पुसून टाकू नका, रिकाम्याच ठेवा. बरेच हौशी लेखक इथे ‘काही काळ बंद राहिल्यानंतर’ एवढं लिहून पुढे सरकतात आणि वाचकाला वाटतं, मध्ये वर्ष-दीड वर्ष गेलं असेल.

२००८ साली नाव एएफ२मध्येच परतलं. २००९ चा मूळ अरीना लीगचा हंगाम रद्द झाला, लीग दिवाळखोरीत गेली. एएफ२ तेवढं वर्ष खेळली आणि मग तीही संपली. २०१० मध्ये जुन्या लीगची मालमत्ता लिलावात घेऊन नव्या कंपनीने नवी अरीना लीग काढली, त्यात बार्नस्टॉर्मर्स २०१४ पर्यंत होते. २०१५ पासून ते इंडोअर फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे आयएफएलमध्ये. ही लीग दोन लहान लीगा एकत्र होऊन तयार झाली आणि तिचा पहिला हंगाम २००९ चा. २०२० ची ओळ पुन्हा रिकामी: संघ होता, पण करोनामुळे लीगने हंगाम रद्द केला. शेजारी तसा शेरा लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस पुन्हा ‘बंद पडला’ असं लिहील.

आता प्रश्न असा की १९९६ ची अंतिम फेरीची कामगिरी आजच्या संघाची म्हणायची की न्यूयॉर्क ड्रॅगन्सची? कागदोपत्री ती वंशावळ न्यूयॉर्ककडे जाते आणि २००८ नंतर तिथेच संपते. माझं मत विचाराल तर शहराच्या बाजूने लिहा. तिकीट काढून बसणारा माणूस आणि हेल्मेट तेच आहे. काय ते हेल्मेट! जुन्या वैमानिकांचे गॉगल पुढच्या बाजूला रंगवलेले, खेळाडू समोरून आला की चार डोळ्यांचा दिसतो. मात्र बाजू कुठलीही घ्या, पहिल्याच परिच्छेदात ती उघड सांगा आणि शेवटपर्यंत बदलू नका. सोयीचं तेव्हा शहर आणि सोयीचं तेव्हा फ्रँचायझी, असं चालत नाही.

‘अरीना लीगमधला विक्रम’ असे शब्द दिसले की लगेच थांबायला हवं. कुठली अरीना लीग? १९८७ ते २००८ ची एक, २०१० ते २०१९ ची दुसरी, आणि २०२४ मध्ये त्याच नावाने निघालेली तिसरी. बार्नस्टॉर्मर्सचा पहिलीशी संबंध १९९५ ते २०००, दुसरीशी २०१० ते २०१४. सालाशिवाय लीगचं नाव लिहूच नका.

यानंतर इमारत. हा रकाना मला सगळ्यात प्रिय, कारण इमारत खोटं बोलत नाही. जुने बार्नस्टॉर्मर्स खेळायचे वेटरन्स मेमोरियल ऑडिटोरियममध्ये. १९५५ साली उघडलेली ही इमारत, लोक तिला ‘द बार्न’ म्हणत. आज तिथे संमेलन केंद्र आहे. शेजारी २००५ मध्ये वेल्स फार्गो अरीना झालं आणि २००८ पासून संघ तिथे. २०२५ मध्ये त्याचं नाव ‘केसीज सेंटर’ झालं. म्हणून शोधताना एकाच नावावर विसंबू नका. आमच्या पूर्वेला मोलिनमध्ये क्वाड सिटी स्टीमव्हीलर्स खेळतात. त्यांच्या सभागृहाला आधी ‘द मार्क’, मग ‘आय वायरलेस सेंटर’, मग ‘टॅक्सस्लेयर सेंटर’ आणि आता ‘व्हायब्रंट अरीना’ म्हणतात. चारही नावांनी शोध घेतला नाही तर अर्धा इतिहास हातातून जाईल. (स्टीमव्हीलर्स हा संघही फॉस्टर यांनीच काढलेला. २००० साली एएफ२च्या पहिल्याच हंगामात एकही सामना न हरता अजिंक्य ठरला. पुढे नाव संपलं आणि नव्या संघाने पुन्हा उचललं. पाच रकान्यांचा सराव करायचा असेल तर हा संघ घ्या.)

इमारत कळली की छायाचित्रांची तारीख लावता येते. ही युक्ती मला फार उपयोगी पडते. जुन्या चाहत्यांकडे फोटो भरपूर असतात, पण पाठीमागे साल लिहिलेलं नसतं. अशा वेळी गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना बघा. अरीना लीग आणि एएफ२मध्ये तिथे उंच ताणलेल्या जाळ्या असत; चेंडू त्यावर आपटून परत आला तरी खेळ चालूच राहायचा. या जाळ्यांसकट खेळाच्या पद्धतीचं पेटंट फॉस्टर यांना १९९० मध्ये मिळालं होतं, ते २००७ पर्यंत चाललं. त्यामुळे इतर इनडोअर लीगा जाळ्यांशिवायच घडल्या, आणि आयएफएलही बिनजाळीची. तेव्हा हिशेब सोपा: जाळी आहे आणि इमारत जुनी, तर फोटो १९९५ ते २००१ मधला. जाळी आहे आणि इमारत नवी, तर २००८ ते २०१४. जाळी नाही, तर २०१५ पासूनचा. फोटो दाखवणारा कितीही ठामपणे काही सांगो, जाळीचं ऐका.

गुणांकडे वळताना खेळाची मापं ठाऊक हवीत. मैदान ५० यार्ड लांब, म्हणजे बाहेरच्या फुटबॉलच्या निम्मं. एका बाजूला आठ खेळाडू. कडेला गाद्या लावलेल्या भिंती. त्यामुळे ५५–३३ असा निकाल दिसला तर छपाईची चूक समजू नका. १९९७ च्या अंतिम सामन्यात ॲरिझोना रॅटलर्सनी आपल्याला तसंच हरवलं होतं. त्याआधीच्या वर्षी अंतिम सामना दे मॉइनमध्येच झाला आणि टॅम्पा बे स्टॉर्मने ४२–३८ असा जिंकला. मी प्रत्येक निकालाला चारही क्वार्टरचे गुण मांडून बेरीज करून बघतो. जुन्या वर्तमानपत्रांत बेरीज न जुळणारे निकाल सापडतात, आणि तेच पुढे सगळीकडे उतरवले जातात. आणखी एक: अरीना लीगमध्ये २००७ पूर्वी बहुतेक खेळाडूंना आक्रमण आणि बचाव दोन्ही करावं लागे. एकच नाव दोन्ही यादीत दिसलं तर दोन माणसं समजू नका.

प्रेक्षकसंख्येला मी फारशी जागा देत नाही. संघाने जाहीर केलेला आकडा बहुधा वाटलेल्या तिकिटांचा असतो, बसलेल्या माणसांचा नव्हे.

क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरचं काय करायचं, हा इथला अवघड भाग. ती गोष्ट इतकी मोठी आहे की बाकीचा संघ तिच्या सावलीत जातो. १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या एनएफएल संघाच्या शिबिरातून तो वगळला गेला, सीडर फॉल्सच्या हाय-व्ही दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर फळ्यांवर माल लावू लागला. १९९५ ते १९९७ आमच्याकडे खेळला, १९९८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संघाकडे गेला, आणि जानेवारी २००० मध्ये सेंट लुईस रॅम्सला सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकून दिला. त्या सामन्यात ४१४ यार्डांचे पास. सांगणारे दुकानातून थेट सुपर बोलवर उडी मारतात आणि मधली तीन वर्षं एका वाक्यात गुंडाळतात. तुम्ही उलट करा. दुकान आणि सुपर बोल एकेका ओळीत आटपा, आणि ती तीन वर्षं लिहा: दोन अंतिम फेऱ्या, दोन्ही पराभव, १९९७ च्या हंगामात ७९ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे), आणि प्रशिक्षक जॉन ग्रेगरी, जे कॅनडात तिथल्या फुटबॉल लीगचा चषक, १९८९ चा ग्रे कप, जिंकून इथे आले होते.

साधनं कुठे मिळतात? ‘दे मॉइन रजिस्टर’ या दैनिकाचे जुने अंक मायक्रोफिल्मवर आहेत. ग्रंथालयात सामन्याची तारीख सांगून मागा आणि दुसऱ्या दिवशीचा अंकही मागायला विसरू नका, कारण रात्रीच्या सामन्याचा पुरा वृत्तांत कधीकधी तेव्हाच येतो. संघाचं जुनं संकेतस्थळ वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात बघा. संघ चालवणारी कंपनी राज्याच्या कंपनी नोंदणीत फुकट शोधता येते. तिथले कागद रुक्ष असले तरी फ्रँचायझीचा रकाना त्यांनीच भरतो. माणसांशी बोलायचं ते यानंतर, भरलेला तक्ता समोर ठेवून. आधी गेलात तर ते तुम्हाला वॉर्नरबद्दलच सांगतील. तक्ता दाखवलात की बोट ठेवून म्हणतील, ‘या वर्षी मी नव्हतो, त्या वर्षी होतो’, आणि मग खरं बोलणं सुरू होतं.

विजेतेपदाचं प्रकरण शेवटी लिहायला घ्या. बार्नस्टॉर्मर्सचं पहिलं अजिंक्यपद २०१८ मधलं: दे मॉइनमध्येच, सू फॉल्स स्टॉर्मविरुद्ध, ४२–४०. त्या स्टॉर्मने २०११ ते २०१६ सलग सहा वेळा हाच चषक नेला होता. ही ओळ लिहिताना शेजारच्या रकान्यांत काय आहे ते वाचकाला दिसू द्या: १९९५ च्या तुलनेत फ्रँचायझी वेगळी, लीग वेगळी, इमारत वेगळी, गोलपोस्टला जाळीसुद्धा नाही. नावाच्या रकान्यात मात्र काही खोडायची गरज पडत नाही.